टीव्हीवरचं राजकारण : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी टीव्हीच्या राजकीय रिपोर्टरच्या कामाबद्दल लिहिलं होतं आणि शेवटी प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर बहुतेक सगळे प्रश्न आपल्या ठाणे-नवी मुंबईतूनच आलेत, याचा मला खरंच आनंद झाला. ज्यांनी तो लेख वाचला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते, की अल्फा मराठी, ईटीव्ही मराठी नवीन होते त्या सुमारास मी टीव्हीत आले, आधी ठाणे बघितलं, मग मंत्रालय आणि विधानभवन, निवडणुका, सरकारं येणं-जाणं, आणि आता रोजची फील्ड सोडलीय पण नव्या पोरापोरींना शिकवते. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

प्रश्न (विद्यार्थी, कळवा) : ताई, मी मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाला आहे, मला टीव्हीवर पॉलिटिकल रिपोर्टर व्हायचंय. सगळे म्हणतात आधी अँकरिंगचा कोर्स कर, आवाजावर काम कर, व्हिडिओ बनवून टाक. नक्की कुठून सुरुवात करू?

अरे, कोर्स कर, त्याला ना नाही, पुण्याचं रानडे आहे, कलिन्याला गरवारे आहे, तिथे चांगली माणसं शिकवतात. पण तू कळव्यात राहतोस ना, मग आधी पाचपाखाडीला महापालिकेच्या मुख्यालयात जाऊन महासभा बघ. नरेंद्र बल्लाळ सभागृहात वर बसायचं आणि पूर्ण सभा संपेपर्यंत उठायचं नाही. सभेच्या आधी विषयपत्रिका मिळव, सोबत प्रस्तावांचे गोषवारे असतात ते वाच, प्रत्येकात किती रक्कम, कुठल्या प्रभागात, काम कुणाला, हे वहीत उतरव. आणि मग एक गोष्ट बघ जी कुठल्याच कोर्समध्ये मला कुणी शिकवली नाही, ठरावाचा सूचक कोण आणि अनुमोदक कोण. भाषणात एकमेकांवर तुटून पडलेले दोन नगरसेवक तिसऱ्याच कुठल्यातरी रस्त्याच्या ठरावाला सूचक-अनुमोदक म्हणून एकत्र दिसले की समजायचं इथे काहीतरी जुळतंय, मग सभा संपल्यावर जिन्यात कोण कुणाशी बोलतंय ते बघायचं, आणि दुसऱ्या दिवशी दोघांनाही फोन करायचा.

तुला वाटेल हे गल्लीतलं राजकारण शिकून मी मंत्रालयात काय करणार. तर ठाण्याचंच बघ. इथे १९६७ ला शिवसेनेला पहिल्यांदा सत्ता मिळाली तेव्हा ही नगरपालिका होती, महानगरपालिका झाली १९८२ ला. एकनाथ शिंदे १९९७ ला नगरसेवक झाले, मग सभागृह नेते, २००४ ला आमदार, २०२२ ला मुख्यमंत्री. राजन विचारे महापौर होते, मग आमदार आणि खासदार झाले. नरेश म्हस्के महापौर होते, २०२४ ला खासदार झाले. म्हणजे ज्या रिपोर्टरनं त्या सभागृहात बसून ही माणसं ऐकली, कोण चिडल्यावर कसं बोलतं, कोण शब्द पाळतं, कुणाचं कुणाशी कधीच पटलं नाही हे बघितलं, त्याला पुढे राज्यात काय चाललंय ते कळायला वेगळी शिकवणी लागली नाही. मधली काही वर्षं मात्र वाईट गेली, नवी मुंबई महापालिकेची मुदत २०२० ला संपली, ठाण्याची मार्च २०२२ ला, दोन्हीकडे प्रशासक आले, महासभाच नाही, निर्णय फायलीत. त्या वर्षांत जे रिपोर्टर झाले त्यांचं फार नुकसान झालं असं मला मनापासून वाटतं, त्यांना आमदारांचे बाईट, म्हणजे कॅमेऱ्यासमोरची दोन वाक्यं, माहिती आहेत पण ठराव कसा होतो ते माहिती नाही.

आवाज, चेहरा, शर्ट हे सगळं नंतर येतं रे. बाईट घेताना पहिला प्रश्न छोटा विचारायचा आणि उत्तर आल्यावर दोन सेकंद गप्प राहायचं, समोरचा त्या शांततेत पुढचं बोलून जातो, एवढं मात्र आजपासून करून बघ.

प्रश्न (ज्येष्ठ वाचक, नौपाडा) : तुमचे एवढे कॅमेरे, एवढे सोर्स. तरी २०१९ चा पहाटेचा शपथविधी झाला तेव्हा कुणाला पत्ता नव्हता आणि २०२२ ला आमच्याच ठाण्याचा नेता आमदार घेऊन सुरतेला गेला तेव्हाही सकाळीच कळलं. हे कसं काय?

काका, तुमचा प्रश्न झोंबणारा आहे पण योग्य आहे, आणि त्याचं उत्तर दोन्ही वेळचं वेगवेगळं आहे.

२०१९ चं आधी. २२ नोव्हेंबरला संध्याकाळी वरळीच्या नेहरू सेंटरला शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस या तिन्ही पक्षांची बैठक झाली, बाहेर येऊन शरद पवार यांनी उद्धव ठाकरे यांच्या नावावर सहमती झाल्याचं सांगितलं, सगळ्यांनी ती बातमी दिली आणि ती खोटी नव्हती. पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठवली गेली आणि आठच्या सुमारास राजभवनात देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांनी शपथ घेतली. असं काम मोजक्या माणसांत ठरतं, कागद रात्रीत फिरतो, आणि राजभवन मलबार हिलच्या टोकाला, समुद्राला लागून, आतलं काही गेटवरून दिसत नाही. तिथे रिपोर्टरनं काय करावं हे मी आजही प्रामाणिकपणे सांगू शकत नाही. ते सरकार २६ तारखेला गेलं आणि २८ ला शिवाजी पार्कवर दुसरा शपथविधी झाला हा भाग सगळ्यांना माहितीच आहे.

२०२२ मात्र मला सोडवत नाही. २० जूनला विधान परिषदेच्या १० जागांचं मतदान होतं, निकाल लांबला, सगळे कॅमेरे विधानभवनात, चर्चा एकच की मतं कुणाची फुटली आणि काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे कसे पडले. आणि त्याच रात्री एकनाथ शिंदे यांच्यासोबतच्या आमदारांच्या गाड्या निघाल्या, ठाणे, मग अहमदाबाद हायवे, पालघर जिल्हा, तिथून गुजरात. आता तुम्हीच बघा, एवढे आमदार म्हणजे तेवढे पीए, तेवढे ड्रायव्हर, पोलीस बंदोबस्तातली माणसं, टोलनाके, घरी वाट बघणारी कुटुंबं. धाराशिवचे आमदार कैलास पाटील सीमेजवळ गाडीतून उतरून अंधारात पायी निघाले आणि मिळेल त्या वाहनानं मुंबईला परत आले, हे त्यांनीच नंतर सांगितलं. म्हणजे माहिती रस्त्यावर होती. ती उचलायला रस्त्यावर माणूस पाहिजे होता, आणि चॅनलांनी गेल्या काही वर्षांत जिल्ह्याजिल्ह्यातली माणसं कमी केली, तुकड्यावर पैसे मिळणाऱ्या स्ट्रिंगरवर काम ढकललं, त्याच्याकडे अपघात, पाणी, पोलीस, मंत्र्यांचा दौरा सगळंच. अशा पोरानं रात्री एक वाजता एखाद्या आमदाराच्या ड्रायव्हरला का फोन करावा, त्याला त्याचे पैसे कोण देणार?

आणि एक. अशा रात्री सगळ्यात आधी शब्द येतो तो 'नॉट रिचेबल'. माझं डेस्कवरच्या पोरांना कायम सांगणं असायचं की फोन बंद आहे एवढ्यावर आमदार फुटला असं चालवायचं नाही. आधी पीए, मग घरचा लँडलाईन असेल तर तो, मग मतदारसंघातल्या ऑफिसचा शाखाप्रमुख किंवा तालुकाप्रमुख, मग बंदोबस्ताचा पोलीस. दोघांनी, एकमेकांशी संबंध नसलेल्या दोघांनी, तेच सांगितलं तर बातमी. नाहीतर तो बिचारा झोपलेला असतो आणि सकाळी त्याच्या घरासमोर आंदोलन. शिवाय आकडा डोक्यात पाहिजे, शिवसेनेचे तेव्हा ५५ आमदार होते, राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीत, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, २००३ च्या घटनादुरुस्तीनंतर एक तृतीयांश आमदार फुटले तर आमदारकी वाचायची ती सोय राहिली नाही, दोन तृतीयांश लागतात, म्हणजे ३७. त्यामुळे सुरतेहून पुढे गुवाहाटीत किती पोचले हा आकडा प्रत्येक तासाला महत्त्वाचा होता, आणि ज्याला हे ३७ का ते माहीत नव्हतं तो नुसता हॉटेलचा गेट दाखवत बसला.

प्रश्न (वाशी) : लाईव्हमध्ये अँकर प्रश्न विचारते आणि रिपोर्टर तीन-चार सेकंद नुसता बघत उभा असतो, मग मान हलवतो. आणि एकच वाक्य दहा वेळा का?

पहिला भाग साधा आहे. ओबी व्हॅनवरून, म्हणजे छतावर डिश असलेल्या चॅनलच्या गाडीवरून लाईव्ह असेल तर सिग्नल वर जातो साधारण ३६ हजार किलोमीटरवरच्या उपग्रहाकडे आणि तिथून परत खाली, त्यालाच पाव सेकंद लागतो, त्यात चित्र आकुंचित करणं आणि परत उलगडणं याचा वेळ. आता जास्त करून बॅकपॅक असतो, कॅमेरामनच्या पाठीवर सॅक, तिच्यात वेगवेगळ्या कंपन्यांची सिम, चित्राचे तुकडे करून प्रत्येक सिममधून थोडे थोडे पाठवतात आणि ऑफिसमध्ये जोडतात, म्हणून अजून सेकंद-दोन सेकंद वाढतात. तुम्हाला तो बघत उभा दिसतो तेव्हा त्याच्या कानातल्या टॉकबॅकमध्ये प्रश्न नुकताच संपत असतो. सभेत तर हजारो लोकांचे मोबाईल त्याच टॉवरवर, त्यामुळे सिग्नल पार बसतो, मग कॅमेरामन शेजारच्या बिल्डिंगच्या गच्चीवर चढतो, वॉचमनला विनवण्या करून.

माझ्या सुरुवातीला हे काहीच नव्हतं. ठाण्यात शूट केलेली टेप कुणीतरी लोकलनं नाहीतर बाईकवर मुंबईच्या ऑफिसला न्यायची, संध्याकाळच्या बुलेटिनला लागायची, तोवर आम्हाला विचार करायला, दोन फोन करायला, काय खरं काय खोटं बघायला वेळ मिळायचा. तो वेळ गेला याचं मला वाईट वाटतं, सोय आली याचं नाही.

दुसरा भाग, एकच वाक्य दहा वेळा. हो, होतं. प्रेक्षक मध्येमध्ये येत असतात म्हणून थोडी उजळणी करावीच लागते पण सहा तास बंगल्याच्या गेटवर उभं राहून नवीन काही नसताना हालचालींना वेग म्हणणं चुकीचंच आहे. 'आत काय चाललंय याची माहिती अजून मिळालेली नाही' हे वाक्य स्क्रीनवर बोलायला हिंमत लागते, मी ज्यांच्या हाताखाली शिकले ते बोलायचे, आणि प्रेक्षक त्यांच्यावर जास्त विश्वास ठेवायचे.

आणि लाईव्हचं चांगलं पण सांगते. मार्च २०१८ चा किसान लाँग मार्च आठवा, ६ तारखेला नाशिकहून निघालेला, कसारा घाट, शहापूर, भिवंडी करत ठाण्याच्या आनंदनगरला आला आणि तिथून सायनच्या सोमय्या मैदानावर. निघाले तेव्हा फार थोड्यांनी दखल घेतली. मग एका बाईच्या सोललेल्या, रक्ताळलेल्या तळपायांचं चित्र देशभर गेलं आणि सगळ्यांचे कॅमेरे तिकडे वळले. असं चित्र मिळवायला माणसानं डांबरावर बसावं लागतं, कॅमेरा जमिनीला टेकवावा लागतो, आणि त्याआधी त्या बाईशी बोलावं लागतं, तिचं गाव विचारावं लागतं. सोमय्याहून दहावीच्या मुलांच्या परीक्षेला त्रास नको म्हणून ते सगळे थकलेले लोक रात्रीच उठून आझाद मैदानाकडे चालत गेले, सकाळची मुंबई अडली नाही. राजकीय रिपोर्टिंग म्हणजे हे पण आहे, नेत्यांच्या गेटपेक्षा मला हे जास्त मोलाचं वाटतं.

प्रश्न (गृहिणी, ऐरोली) : माझी सून एका चॅनलला राजकीय रिपोर्टर आहे. कधी रात्री दोनला येते, कधी येतच नाही. तिच्या कामाचा अभिमान आहे पण काळजी वाटते, मूल व्हायचंय त्यांना. तुम्ही हे सगळं कसं केलंत? तिला कशी मदत करू?

काकू, तुम्ही अभिमान आधी लिहिलात आणि काळजी नंतर, सून नशीबवान आहे.

खरं सांगायचं तर सुरुवातीचा पगार या लाईनीत फार कमी असतो, बरेच जण कॉन्ट्रॅक्टवर असतात, वरिष्ठ बदलला की माणसं बदलतात, आणि निवडणूक, अधिवेशन, सरकार पडणं या काळात घड्याळ नसतं. ट्रान्स-हार्बर लोकल रात्री बंद झाली की ऐरोलीला यायचं म्हणजे ऑफिसची गाडीच लागते, तर ती गाडी तिचा हक्क आहे, कुणाचे उपकार नाहीत, हे तिला घरातून कुणीतरी ठामपणे सांगा. गाडीचा नंबर तुमच्याकडे येऊ द्या. बाळंतपणाची रजा २०१७ पासून २६ आठवड्यांची आहे, पहिल्या दोन मुलांसाठी, ती पूर्ण घ्यायला लावा, 'मी नसताना माझा बीट, म्हणजे मी बघते तो विषय, दुसऱ्याकडे जाईल' या भीतीनं पोरी लवकर परत येतात आणि आजारी पडतात. ऑफिसमध्ये लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे तक्रार समिती असायला पाहिजे, तिच्यावर कोण आहे हे तिला माहीत आहे का ते विचारा.

आणि ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते मी बोलते. बंगल्याबाहेर, सभेच्या मैदानावर, हायवेवर बाथरूम नसतं. पोरी सकाळपासून पाणीच पीत नाहीत, मग लघवीचं इन्फेक्शन, मग डोकेदुखी. नवीन जागी गेलं की मी आधी बंदोबस्ताला आलेल्या महिला पोलिसांना गाठायचे, त्यांचीही तीच अडचण असते आणि त्यांना नेमकी जागा माहिती असते, एखादं घर, एखादी शाळा, एखादा दवाखाना. लुईसवाडीत, टेंभी नाक्यावर, मलबार हिलला, सगळीकडे माझी अशी घरं होती, दिवाळीला त्यांच्याकडे फराळाचा डबा जायचा. सुनेला हे सांगा आणि पाणी प्यायला सांगा.

मदत म्हणाल तर ती दोनला आली की 'आज काय झालं' हे विचारू नका, जेवण गरम करून द्या आणि झोपू द्या. दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून सांगेल, आणि तेव्हा ऐकायला खूप मजा येते बघा.

प्रश्न (नेरूळ) : सगळे पत्रकार विकले गेलेत असं लोक म्हणतात. तुम्ही काय म्हणाल?

सगळे नाही. पण प्रश्न टाळणार पण नाही. २००९ च्या लोकसभा आणि विधानसभा निवडणुकांच्या सुमारास पेड न्यूजचा विषय देशभर गाजला, बातमीच्या जागी पैसे घेऊन उमेदवाराची स्तुती, आपल्या महाराष्ट्रातलीच उदाहरणं होती, प्रेस कौन्सिलला त्यावर समिती नेमावी लागली. त्यातून पुढे निवडणुकीत जिल्हास्तरावर एमसीएमसी म्हणजे माध्यम प्रमाणीकरण आणि संनियंत्रण समिती काम करायला लागली, टीव्हीवरची राजकीय जाहिरात आधी प्रमाणित करून घ्यावी लागते आणि पेड न्यूजची तक्रार तुम्ही सामान्य मतदार म्हणून पण करू शकता. करा, लोक करत नाहीत.

इतर वेळी चॅनलवरच्या बातमीबद्दल तक्रार असेल तर आधी चॅनलला लेखी कळवायचं, २०२१ च्या केबल टीव्ही नियमांप्रमाणे त्यांनी १५ दिवसांत निकाल द्यायचा असतो, पटलं नाही तर स्वनियमन संस्थेकडे, आणि त्यापुढे सरकारकडे. तारीख, वेळ, कार्यक्रमाचं नाव आणि नेमकं वाक्य लिहून ठेवा, नुसतं 'तुम्ही पक्षपाती आहात' लिहिलं तर कुणी बघत नाही.

पाकिटापेक्षा मला जास्त भीती वाटते ती मैत्रीची. वीस वर्षं एखाद्या नेत्याला कव्हर केलं की त्याच्या घरातल्या लग्नाला जातो, त्याच्या आजारपणात विचारपूस करतो, हे माणूस म्हणून बरोबरच आहे. पण त्याच्याबद्दलची वाईट बातमी हातात आली की बोटं थांबतात. माझा नियम असा होता की अशी बातमी असेल तर आधी त्यालाच फोन करायचा, ही चालवतेय, तुमची बाजू सांगा. काही जण वर्षभर बोलले नाहीत. बहुतेक जण परत बोलले, कारण त्यांना माहिती असतं की उद्या त्यांच्या विरोधकाची बातमी पण ही अशीच चालवणार. आणि मुलाखतीआधी प्रश्न पाठवा असं सांगणाऱ्याला विषय सांगायचा, प्रश्न नाही.

प्रश्न (टेंभी नाका) : आनंद दिघे गेले तेव्हा तुम्ही ठाण्यातच होतात ना? त्या दिवसाबद्दल लिहा.

थोडक्यात लिहिते, कारण अजूनही अवघड जातं. ऑगस्ट २००१, अपघातानंतर ते सिंघानिया हॉस्पिटलमध्ये होते, २६ तारखेला गेले आणि बाहेरच्या जमावानं हॉस्पिटलची तोडफोड केली, आग लावली. आत इतर पेशंट होते हे विसरू नका. मी नवीन होते आणि त्या दिवशी एक धडा मिळाला तो पुढे सगळ्यांना शिकवते. शोकात असलेल्या जमावासमोर बूम, म्हणजे माईक, पुढे करून 'काय वाटतंय' विचारायचं नाही, कॅमेरा खांद्यावरून खाली, लांबून शूट, चॅनलचा लोगो झाकून, परतीची वाट आधी ठरवून. पत्रकारांवरच्या हल्ल्याविरुद्ध महाराष्ट्रात २०१७ ला कायदा केला, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण कायदा दगड लागल्यानंतर कामाला येतो.

प्रश्न (प्रकल्पग्रस्त कुटुंबातला वाचक, घणसोली) : आमच्या गावठाणाचा, घरांचा प्रश्न वर्षानुवर्षं आहे. चॅनलवाले फक्त रस्ता अडवला की येतात. असं का?

कारण नवी मुंबई बघायला चॅनलकडे असतो एकच माणूस आणि त्याच्याकडे सिडको म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, महापालिका, कोकण भवन, पोलीस आयुक्तालय, एपीएमसी, पनवेल, उरणचं बंदर, सगळं. तो धावत असतो. आणि डेस्कवर बसलेल्याला साडेबारा टक्के म्हणजे काय, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात तिच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत, हे सांगण्यातच त्याची पाच मिनिटं जातात आणि तोवर डेस्क म्हणतं व्हिज्युअल काय आहे? फाईलला व्हिज्युअल नसतं, म्हणून तुमची बातमी पडून राहते आणि टायर जळाला की लागते. हे मला आजही संताप आणतं, कारण नवी मुंबईचं राजकारण ९५ गावांच्या जमिनीतूनच उभं राहिलंय. जानेवारी १९८४ ला जासई-दास्तानला दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पाच जण गोळीबारात गेले, त्यानंतर साडेबारा टक्क्यांचा हक्क मिळाला. २४ जून २०२१ ला विमानतळाच्या नावासाठी बेलापूरला सिडकोसमोर जो समुदाय जमला तो बघून मुंबईतले बरेच संपादक चकित झाले, इथल्या जुन्या रिपोर्टरला काहीच आश्चर्य वाटलं नाही. २९ जून २०२२ ला उद्धव ठाकरे यांच्या सरकारची शेवटची मंत्रिमंडळ बैठक झाली त्यात औरंगाबादच्या नावासोबत विमानतळाला दिबांचं नाव द्यायचाही निर्णय होता, पण त्या संध्याकाळी सगळ्यांचं लक्ष सरकार राहतंय की जातंय याकडे, तुमच्या गावांसाठी एवढी मोठी गोष्ट स्क्रीनच्या खालच्या पट्टीत गेली. आणि जानेवारी २०२४ ला मनोज जरांगे मराठा आरक्षणाचा मोर्चा घेऊन वाशीत येऊन थांबले, तेव्हाचे मुख्यमंत्री शिंदे स्वतः अधिसूचनेचा मसुदा घेऊन तिथे आले, तेव्हा मात्र देशभरचे कॅमेरे वाशीत होते. म्हणजे जागा महत्त्वाची आहे, हे त्यांना माहिती आहे, पण रोज यायचं नाही.

तुम्ही एक करा. टीव्हीवाल्याला निवेदन देऊ नका, निवेदनं ढिगानं येतात. एका घराची गोष्ट तयार करा, एकच घर, कुणाची जमीन किती गेली, कुठल्या वर्षी, बदल्यात काय मिळायला हवं होतं, मिळालं काय, सिडकोशी झालेला पत्रव्यवहार तारखेनं लावून, सातबारा आणि नकाशा जोडून, आणि बोलायला तयार असलेली घरातली सगळ्यात म्हातारी बाई, तिला बसवा त्या ओट्यावर जिथून पूर्वी शेत दिसायचं. हे रिपोर्टरच्या हातात दिलं की त्याला व्हिज्युअल पण मिळतं आणि डेस्कला दोन वाक्यांत समजावता पण येतं. कागदांच्या झेरॉक्स मासिकाच्या पत्त्यावर पाठवल्यात तर मी स्वतः वाचेन आणि नवी मुंबई बघणारी माझी एक विद्यार्थिनी आहे तिच्याकडे पोचवेन, ती घणसोलीला येऊन तुम्हाला भेटेल, फक्त मोबाईल नंबर पाकिटावर न लिहिता आतल्या कागदावर लिहा.